दोष चाकाचा की सांगाड्याचा?

(सायकल दुरुस्ती शिकणाऱ्या ग्रामीण युवकांसमोर केलेल्या भाषणाचा गोषवारा)



मी कारागीर नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आणि प्रसिद्धीच्या कामातील सेवक. तरीही सायकलीविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, ते स्वतःच्या घरी घडलेल्या एका चुकीमुळे.

माझ्या मुलीच्या सायकलीचे मागचे चाक डावीकडे सरकलेले दिसे. दुरुस्ती करणाऱ्याने पाहताक्षणीच सांगाडा वाकडा ठरविला आणि लोखंडी नळीच्या जोराने मागचा चिमटा वाकविला. चाक मध्यावर आले, परंतु सायकल एका बाजूस ओढू लागली. पुढे कळले की, सांगाडा मुळात सरळच होता. दोष चाकात होता. सरळ वस्तू वाकवून आम्ही ती वाकडीशी जुळवून घेतली होती!

म्हणून पाना उचलण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, चाकाचा आस दोन्ही खाचांत सारख्याच अंतरावर बसला आहे काय? उजवा नट सैल असल्यास साखळीच्या ओढीने आस त्या बाजूस पुढे सरकतो आणि चाक तिरपे होते. अशा वेळी आस नीट बसवून नट आवळले की काम संपते.

दुसरी, चाक काढून उलटे, म्हणजे डावी बाजू उजवीकडे करून बसवावे. रिम आता दुसऱ्या बाजूस तितकीच सरकली, तर दोष चाकाचा. ती पूर्वीच्याच बाजूस राहिली, तर दोष सांगाड्याचा.

तिसरी कसोटी दोऱ्याची. मागच्या एका खाचेपासून दोरा निघावा, हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेला ताणून बांधावा. सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडील दोऱ्याचे अंतर मोजावे. ते समान असेल, तर सांगाडा सरळ आहे.

दोष चाकाचा असल्यास रिम ज्या बाजूस सरकली असेल, तिकडच्या तारा पाव फेऱ्याने सैल कराव्या व विरुद्ध बाजूच्या तेवढ्याच आवळाव्या. साध्या रोडस्टर सायकलीच्या मागच्या चाकाला बहुधा ४० तारा, म्हणजे प्रत्येक बाजूस २० असतात. एकही वगळू नये. सांगाडा पोलादी असून खरोखरच वाकलेला असेल, तर तो थोडाथोडा सरळ करता येतो. मात्र प्रत्येक वेळी दोरा लावून पाहावे. अॅल्युमिनियमचा सांगाडा किंवा भेग गेलेली नळी कधीही वाकवू नये. ती उतारावर दगा देईल.

आपल्या खेड्यांतील चढउतारांच्या रस्त्यांवरून मुले शाळेला जातात. चाक मध्यावर नसले, तर ब्रेकचे रबर एकाच बाजूने घासते. शिक्षकांनी शाळेच्या आवारात ही दोऱ्याची कसोटी मुलांकडून करवून घ्यावी. त्यासाठी एक दोरा आणि एक पट्टी एवढेच साहित्य पुरे.