जुनी मालमोटार आणि उसाचे ओझे



बारडोलीचे नाव निघताच १९२८ चा सत्याग्रह आठवतो. पण गळिताच्या हंगामात तेथे उतरणाऱ्याच्या डोळ्यांत प्रथम भरतो तो ऊस. १९५५ साली स्थापन झालेल्या सहकारी साखर कारखान्याच्या वाटेवर उसाने लादलेल्या वाहनांची रीघ लागते. त्यांत एखादी मालमोटार इतकी जुनी असते की, ही रिकामी तरी चालेल काय, अशी शंका यावी. आणि तीच काळ्या जमिनीच्या मऊ वाटेवरून आपले ओझे ओढून काढते!

जॅक आठवा. शाळकरी मुलगाही त्याचा दांडा फिरवून भरलेली गाडी उचलतो. हात पुष्कळ फिरतो, गाडी बोटभर वर येते. वेग देऊन जोर घ्यावयाचा, एवढाच हा व्यवहार. गिअरपेटीतील दातेरी चाके तोच करीत असतात.

थोडे गणित करू. (माझे विद्यार्थी येथेच जांभया देऊ लागतात.) एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलोग्रॅम वजन सेकंदाला एक मीटर उचलण्याचे सामर्थ्य. गाडी व ऊस मिळून १२ टन, चढ विसांत एक. म्हणजे चढासाठी ६०० किलोग्रॅमची ओढ हवी. मऊ वाटेचा अडथळा तितकाच धरा, एकूण १२००. साठ अश्वशक्तीचे इंजिन एवढी ओढ ताशी साडेतेरा किलोमीटर वेगाने देऊ शकते. घर्षणाची तूट वजा जाता दहा-अकरा म्हणू. इंजिन लहान म्हणून गाडी अडत नाही. उशिरा पोहोचते, इतकेच. अडते ती चालकाच्या उतावळेपणाने. वरचा गिअर सोडवत नाही, इंजिन धापा टाकते, क्लच जळतो.

मात्र चढ जमला की सारे जमले, हा समज घातक होय. ब्रेकला गिअरपेटी नसते. उतारावर ओझ्याची सारी शक्ती उष्णता होऊन त्याच्यावरच येते, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. धुळे-नंदुरबारकडील कितीतरी ऊसतोड कुटुंबे दरवर्षी या भागात येतात. सुरत-धुळे रस्त्यावर कोंडाईबारीचा घाट आहे. हौद्यात भांडीकुंडी, त्यांवर मुले. आणि तेल वाचविण्यासाठी चालक गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देतो! वाचलेले तेल किती, आणि पणाला लावलेले काय?

जुन्या चालकांचा नियम असा की, ज्या गिअरात घाट चढला त्याच गिअरात तो उतरावा; मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. पण तो गिअर घाटमाथ्यावरच, गाडी हळू असताना घालावा लागतो. उतारावर वेग चढल्यानंतर तो पडत नाही.