अक्षरांवर शिक्का कोण मारतं? नॉयलांड फॉन्टची गोष्ट

आज फॉन्टबद्दल बोलायचंय. ऐकता ऐकता जमलं तर मोबाइलवर 'ज्युरासिक पार्क'चा लोगो काढून ठेवा. १९९३ चा सिनेमा. वर डायनासोरचा सांगाडा, आणि खाली जाडजूड, कुऱ्हाडीने तोडल्यासारखी कोनदार अक्षरं. बघितल्या बघितल्या डोक्यात काय येतं? जंगल, साहस, आदिमानव, बरोबर?

आता गंमत ऐका. ही अक्षरं ज्या घराण्यातली आहेत, त्या फॉन्टचं नाव नॉयलांड. आणि त्याचा जंगलाशी काहीएक संबंध नाही. तो जर्मनीतला. ओफेनबाख शहरात क्लिंगस्पोर नावाची टाइप फाउंड्री होती, तिच्यासाठी रुडोल्फ कोख यांनी १९२३ मध्ये तो घडवला. कोख हे नावाजलेले सुलेखनकार, धार्मिक वृत्तीचे ख्रिस्ती गृहस्थ.

तेव्हा छपाई खिळ्यांची. पोलादी दांड्याच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, तो ठोकून साचा करायचा, साच्यात शिशाचा रस ओतायचा, की झाले खिळे तयार. सहसा आधी कागदावर नीट आराखडा काढला जायचा. कोख यांनी तो टप्पाच गाळला आणि अक्षरं थेट धातूत कोरली. त्यामुळे प्रत्येक आकारमानाच्या खिळ्यांत अक्षर जरासं वेगळं पडलं. हाताची ती खूण म्हणजेच नॉयलांडची मजा. जाडी जवळपास सगळीकडे सारखी, आतली पोकळी लहान, गोलाई असेल तिथेही कापल्यासारखे कोन. आणि फक्त कॅपिटल अक्षरं, स्मॉल नाहीतच.

असा फॉन्ट कशासाठी? पोस्टर, मुखपृष्ठ, पाटी यांसाठी. दोन-तीन शब्द, मोठ्या आकारात. त्यात अख्खा परिच्छेद लावलात तर वाचणाऱ्याचे डोळे दुखतील.

मग जर्मनीतला हा फॉन्ट जंगलात कसा पोचला? अमेरिकेतल्या छपाईत तो हळूहळू 'रांगडं', 'परकं', 'आदिम' दाखवायला वापरला जाऊ लागला. आफ्रिकेवरची पुस्तकं, सफारीच्या जाहिराती, काळ्या लेखकांची मुखपृष्ठं, सगळीकडे तोच. एकाने वापरला, दुसऱ्याने बघून वापरला, तिसऱ्याला वाटलं हीच रीत. रॉब जियामपिएत्रो या डिझायनरने २००४ मध्ये यावर एक निबंध लिहिला. त्यात नॉयलांडच्या जोडीला लिथॉस हा फॉन्टही घेतलाय. लिथॉस कॅरल ट्वॉम्ब्ली यांनी १९८९ मध्ये अडोबीसाठी केला, तोही प्राचीन ग्रीक शिलालेखांवरून! म्हणजे एक जर्मन, एक ग्रीक वळणाचा, आणि दोघांवर शिक्का एकच: आफ्रिका.

तुम्ही म्हणाल, अक्षरंच तर आहेत, एवढं काय मनावर घ्यायचं? पण विचार करा. एखाद्या लेखकाने शहरातल्या माणसांची आजची गोष्ट लिहिली, आणि दुकानातल्या फळीवर मुखपृष्ठ ओरडून सांगतंय, 'ही जंगलातली गोष्ट!' वाचकाने पान उलटण्याआधीच लेखकाला एका खणात टाकून दिलं.

आणि हे आपल्या बाबतीतही होतंच की. परदेशातल्या इंडियन रेस्टॉरंटची पाटी आठवा. इंग्रजी अक्षरं, पण वरून शिरोरेघ ओढलेली, देवनागरीचे तुकडे जोडल्यासारखी. समार्कान नावाचा फॉन्ट याच जातीतला. ज्याला देवनागरी येत नाही त्याला ते 'भारतीय' वाटतं. आपण मात्र अडखळतो, कारण डोळे आधी देवनागरी वाचायला जातात आणि हाती काहीच लागत नाही. लिपी राहिली बाजूला, तिचा नुसता पोशाख उरला.

याच्या उलट वाटेने जाणारा फॉन्ट म्हणजे यात्रा वन. कॅथरीन ली श्मिट यांनी तो केलाय, रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून. ठसठशीत अक्षरं, आणि त्यात खरीखुरी देवनागरी आहे. इंग्रजी अक्षरांनी देवनागरीच्या लेखणीचा तिरका कोन उचललाय, पण ती वाचता येतात इंग्रजीच. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, लावून बघा.

तर मंडळी, पुढच्या वेळी गणेशोत्सवाचा बॅनर किंवा रीलचं थंबनेल करायला बसाल, तेव्हा दोन गोष्टी करा. पहिली, जाड कोनदार फॉन्ट निवडलात की त्यात 'राष्ट्र', 'बुद्धी', 'कुऱ्हाड' हे शब्द टाइप करा आणि मोबाइलवर थंबनेलएवढे लहान करून बघा. जोडाक्षरं काळ्या गोळ्यासारखी दिसली तर तो फॉन्ट सोडा, किंवा शब्द कमी करून अक्षर मोठं करा. दुसरी, स्वतःला विचारा: हा फॉन्ट मी का घेतोय? विषयाला शोभतो म्हणून, की 'असल्या लोकांसाठी' असलाच फॉन्ट लावतात म्हणून? आदिवासी पाड्यावरच्या शिबिराचं पोस्टर असेल तर हा प्रश्न दोनदा विचारा.

नॉयलांडच्या अक्षरांचा यात काही दोष नाही. कोख यांनी धातूत कोन कोरले, त्यांना अर्थ चिकटला तो नंतरच्या वापरातून. आणि आता वापरणारे आपण आहोत.

तुमच्या गावातल्या एखाद्या झकास पाटीचा फोटो असेल तर जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात!