करंगळीची भाषा



मुसी नदीच्या २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात अफझलगंजचे जुने रुग्णालय नष्ट झाले. पुढे याच परिसरात उस्मानिया रुग्णालयाची भव्य वास्तू उभी राहिली. तिच्या आवारातील चिंचेच्या झाडाने त्या पुरात दीडशेच्या आसपास माणसे तारली, असे सांगतात. परंतु रुग्णालय इतके जवळ असूनही एक तक्रार तेथवर पोचण्यास फार विलंब होतो. ती म्हणजे वारंवार लघवीला होणे. तिच्या वाटेत आपला संकोच उभा असतो.

वर्गात पुनःपुन्हा करंगळी वर करणाऱ्या मुलाला आपण दटावून खाली बसवितो. परंतु रक्तातील साखर दर शंभर मिलिलिटरमागे सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, की मूत्रपिंडांना ती सारी अडविता येत नाही. ती आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. मग लघवी वाढते, तहान भागत नाही, वजन घटते, आणि सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येते. अशा मुलाचे रक्त त्याच दिवशी तपासले पाहिजे. उलट्या किंवा धाप असल्यास घटकाभरही थांबू नये. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉमसनला इन्शुलिन टोचण्यात आले. तोपर्यंत या मुलांना वाचविण्याचा उपाय नव्हता. आज तो आहे. उशीर मात्र आपला असतो.

प्रौढांनी दिवसातून सात-आठ वेळा जाणे सामान्यच. आकड्यापेक्षा आपल्या नेहमीच्या सवयीत झालेला बदल महत्त्वाचा. चहा, काही औषधे, गर्भारपण, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, पन्नाशीनंतर पुरुषांची वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी अशी कारणे अनेक. तीन दिवस वेळ आणि प्रमाण टिपून ठेवावे; ते टिपण वैद्यांस मोलाचे ठरते. लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, कुशीत वेदना, किंवा लघवी अजिबात न होणे, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. गर्भवतीने जळजळ अंगावर काढू नये.

पाणी तोडणे हा यावर उपाय नव्हे. शाळेतील अस्वच्छ शौचालयामुळे दिवसभर तहान मारणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजनांना वाहण्याजोगी श्रद्धांजली एकच: स्वच्छ शौचालय, भरलेला माठ, आणि वर आलेल्या करंगळीला न रागावता दिलेली परवानगी.