एका निधीच्या निमित्ताने
(ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना-सप्ताहात रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



जानेवारीच्या 18 ते 25 या तारखांना जगातील अनेक मंडळ्या ऐक्यासाठी प्रार्थना-सप्ताह पाळतात. या सप्ताहात एका संध्याकाळी आपण सारे या सभागृहात जमतो, आणि दरवर्षी या जागी कोणी विद्वान धर्मोपदेशक उभे असतात. यंदा हे काम रुग्णालयाच्या प्रशासनावर सोपविले गेले. आम्ही वाणिज्य शाखेची माणसे. ईश्वरविज्ञान हा आमचा अभ्यासविषय नव्हे. जमाखर्च हा आमचा विषय आहे, आणि ऐक्याविषयी आम्हांला जे काही सांगता येईल ते त्या वहीतूनच सांगता येईल.

प्रारंभी आमच्या हातून घडलेल्या एका चुकीचा उल्लेख करणे आम्हांला प्राप्त आहे. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, शहरात घरकाम करणाऱ्या एका भगिनीवर येथे पोटाची शस्त्रक्रिया झाली. उपचारांत काही उणे पडले नाही. गुरुवारी डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिला. ती घरी गेली शनिवारी. मधल्या दोन रात्री तिची वृद्ध आई बिलाच्या खिडकीसमोरील बाकावर बसून होती.

कारण सांगताना संकोच वाटतो. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्यात आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी, ही उच्च न्यायालयाच्या 2004 च्या आदेशाने आखलेली व 2006 पासून अमलात आलेली योजना आमच्याकडेही चालते. परंतु त्या भगिनीचे शिधापत्रक व उत्पन्नाचा दाखला गावी राहिले होते. मग आम्ही मंडळ्यांच्या निधींकडे वळलो. शहरातील तीन मंडळ्यांनी आपापल्या गरीब सभासदांसाठी आमच्याकडे तीन स्वतंत्र रकमा ठेवलेल्या होत्या. माहेरची मंडळी एक, सासरची दुसरी, आणि कामाच्या ठिकाणाजवळ ती ज्या उपासनेस जात असे ती तिसरी. तिन्ही पाळकांनी तत्परतेने व अत्यंत सौजन्याने पत्रे पाठविली, की सदर नाव आमच्या नोंदवहीत आढळत नाही. तिन्ही निधींतील शिल्लक त्या बिलाच्या कितीतरी पट होती. आम्ही ती पत्रे क्रमाने फाइलला लावीत राहिलो. रुग्णाला आधी घरी पाठवून खाते नंतर ठरविता आले असते, ही साधी गोष्ट शनिवार उजाडेपर्यंत आमच्या ध्यानात आली नाही. पाळकांनी आपले नियम पाळले. दोष कार्यालयाचा, म्हणजे आमचा होता.

त्या प्रसंगानंतर आम्ही पौलाची पत्रे थोड्या निराळ्या दृष्टीने वाचली. शरीर एक आणि अवयव अनेक, हा करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा बारावा अध्याय आपण पुष्कळदा ऐकला आहे. आमचे लक्ष त्याच पत्राच्या सोळाव्या आणि दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायाकडे गेले. यरुशलेमेतील गरिबांसाठी पौल मासेदोनिया व ग्रीसमधील मंडळ्यांकडून मदत गोळा करीत होता. देणारे बहुतांशी यहूदीतर होते, घेणारे यहूदी. सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम यांवरून उभयतांत केवढे वाद झाले होते हे आपण जाणता. मदत मात्र निघाली. ती नेताना मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर असावीत, एवढ्या रकमेबाबत कोणाला बोट ठेवण्यास जागा राहू नये, याची पौलाने काळजी घेतली. दोन सह्यांवाचून धनादेश काढावयाचा नाही हा आमच्या कार्यालयाचा नियम पुष्कळांना जाचक वाटतो. त्याची परंपरा एवढी जुनी आहे हे पाहून आम्हांला अंमळ समाधान वाटले.

आपल्याकडील मंडळ्या वेगळ्या का, याचे उत्तर बरेचसे नकाशात आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनांनी प्रदेश वाटून घेतले. तेव्हाच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशन, नाशिककडे चर्च मिशनरी सोसायटी, पुण्याकडे स्कॉटिश. आजोबा कोणत्या तालुक्यात राहत होते यावर नातवाची उपासनापद्धती ठरली. हा दुरावा मिटविण्याचा मोठा प्रयत्न आपल्याच नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 रोजी फळास आला. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रेदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतील मेथॉडिस्ट अशा सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. वाटाघाटी 1929 पासून चालू होत्या. बालकाचा बाप्तिस्मा आणि प्रौढपणी स्वतःच्या विश्वासाने घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही एकाच मंडळीत मान्य झाले. ही तडजोड लहान नव्हे. अमेरिकन परंपरेतील मेथॉडिस्ट मात्र अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहिले.

परंतु या इतिहासाचे एक प्रकरण हिशेबनिसांनी मुद्दाम वाचावे असे आहे. गुजरातेतील ब्रेदरेन मंडळीच्या न्यासाच्या मिळकती या एकीकरणाने नव्या चर्चकडे गेल्या किंवा नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निर्णय 2013 मध्ये लागला. एकीकरणाचा ठराव झाला एवढ्याने न्यास विसर्जित होत नाही, आणि सार्वजनिक विश्वस्त कायद्याने घालून दिलेल्या रीतीवाचून मिळकत हस्तांतरित होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. मध्यंतरी चाळीसहून अधिक वर्षे लोटली होती. नागपुरास हातांत हात घालणाऱ्यांच्या मनात किंतु होता असे आम्ही म्हणणार नाही. कागद मागे राहिला होता.

देणगीदारांच्या दृष्टीने त्याहून बोधप्रद उदाहरण वेल्लोरचे वाटते. डॉ. इडा स्कडर या वैद्यकीच्या मार्गास लागल्या त्या एका रात्री तीन बाळंतिणी दगावल्या म्हणून. पुरुष डॉक्टरचा हात लागू देण्यास त्यांच्या घरच्यांनी नकार दिला होता. 1918 मध्ये इडाबाईंनी स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली आणि तिला आरंभापासून अनेक मिशनांचा हातभार होता. पुढे 1930 च्या दशकाच्या अखेरीस मद्रास सरकारने पदविकेऐवजी विद्यापीठाच्या पदवीचा आग्रह धरला. त्यासाठी लागणाऱ्या खाटा, प्रयोगशाळा व अध्यापक उभे करणे जुन्या आधारावर अशक्य झाले. अधिक मंडळ्यांनी एकत्र येण्याची तयारी होती, परंतु मग मुलांनाही प्रवेश द्यावा लागणार होता.

अमेरिकेत वर्षानुवर्षे या शाळेसाठी निधी जमविणाऱ्या काही स्त्रियांनी त्यास कडाडून विरोध केला. आम्ही पैसा स्त्रियांच्या शिक्षणासाठी दिला, तो अन्यत्र वळविणे हा विश्वासभंग होय, असे त्यांचे म्हणणे. त्यांना कोणी संकुचित म्हणू नये. आम्ही तेथे हिशेब पाहत असतो तर त्यांच्याच बाजूने टिपण लिहिले असते. इडाबाईंनाही हा निर्णय जड गेला. अखेरीस 1942 मध्ये मुलींची पदवी अभ्यासक्रमाची पहिली तुकडी दाखल झाली, 1947 मध्ये मुलांना प्रवेश मिळाला, आणि एका मिशनच्या एका खोलीतून सुरू झालेले ते काम अनेक मंडळ्यांच्या सामायिक मालकीचे झाले. महाराष्ट्रातील किती रुग्ण आजही गाडीने वेल्लोरला जातात, हे येथे बसलेल्या नातेवाइकांना सांगावयास नको.

आता आपल्या निधीविषयी. तीनपैकी दोन मंडळ्यांनी गतवर्षी नव्या देणग्या एका सामायिक खात्यात जमा करण्यास लेखी संमती दिली. त्या खात्यावर दोन्ही मंडळ्यांचा एकेक प्रतिनिधी व कार्यालय अशा तीन सह्या लागतात. डिस्चार्ज आधी आणि खातेवाटप महिन्याच्या बैठकीत, असा नियम केला आहे. त्यामुळे त्या बाकावर रात्र काढण्याची वेळ गेल्या वर्षात कोणावर आली नाही. जुन्या रकमांना आम्ही हात लावलेला नाही. दात्याने घातलेली अट बदलावयाची तर ती कायद्याच्या मार्गानेच, हे वर सांगितलेल्या निकालावरून आपल्या ध्यानात आले असेल.

तिसऱ्या मंडळीची अडचण आम्ही मोकळेपणाने मांडतो, कारण ती रास्त आहे. ती मंडळी लहान आहे व तिचे बहुतेक सभासद रोजंदारीवर जगतात. मोठ्या मंडळ्यांचे रुग्ण संख्येने अधिक. सामायिक खाते त्यांच्याच बिलांत संपून आपल्या माणसांच्या वेळी रिकामे राहील, अशी भीती तेथील वडीलधाऱ्यांनी बोलून दाखविली. यावर प्रत्येक मंडळीच्या रुग्णांसाठी सामायिक खात्यातील किमान भाग वर्षाअखेरपर्यंत राखून ठेवावा, असा प्रस्ताव आम्ही दिला आहे. मोठ्या मंडळ्यांपैकी एकीला तो मान्य आहे, दुसरीचा विचार चालू आहे. त्या मंडळीच्या विश्वस्तांना आमची सविनय विनंती आहे, की उत्तर लेखी द्यावे व लवकर द्यावे, कारण तिसरी मंडळी ईस्टरनंतरच्या वार्षिक सभेत हा विषय घेणार आहे. तोपर्यंत तिची रक्कम सोबतच्या जमाखर्चात पूर्वीप्रमाणे वेगळ्या ओळीत दाखविली आहे. मूळ पत्रे व खातेवही कार्यालयात कामाच्या दिवशी दुपारी दोन ते चार या वेळात कोणासही पाहता येतील.