आठवड्याची वही
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. दर शनिवारी ज्या वहीतून मी आठवड्याची वार्ता वाचून दाखविते, तिच्याविषयीच बोला, असे त्यांनी सुचविले. त्याला कारणही आहे. वहीचा हा पाऊण तास बंद करून तो शिवणवर्गाला द्यावा, असे काही भगिनींचे म्हणणे आहे आणि पुढच्या बैठकीत त्याचा निर्णय व्हावयाचा आहे. शिवणाने घरात चार पैसे येतात, वार्तेने काय येते, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

वहीचे मी तीन भाग केले आहेत : जग, सांभाळ आणि स्वाध्याय.

प्रथम जग. कोणत्या देशात कोण पंतप्रधान झाला याची यादी मी वाचीत नाही. जी बातमी फिरत फिरत आपल्या चुलीपाशी येते, तीच मी टिपते. २०२२ साली फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर चढाई केली. आपल्याकडे येणारे सूर्यफुलाचे तेल बहुतेक त्याच दोन देशांतून येत असे. पुढे २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, ती २३ मेपर्यंत. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. मग कढईतले तेल महागले यात नवल ते काय? वाण्याशी भांडून तो भाव उतरण्यासारखा नव्हता.

उलट, २० जुलै २०२३ रोजी आपल्याच सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबविली आणि २८ सप्टेंबर २०२४ रोजी ती पुन्हा मोकळी केली. बाजारात तांदूळ स्वस्त राहावा हा हेतू. परंतु आपल्या या धानाच्या मुलखात एकाच घरात तांदूळ विकणारा असतो आणि महिनाअखेरीस विकत घेणाराही असतो. अशा बंदीने आपला फायदा झाला की तोटा, हे ज्या त्या घराने आपल्या कोठीकडे पाहून ठरवावयाचे. ते ठरविता यावे एवढ्यासाठी बातमी ठाऊक हवी.

दुसरा भाग सांभाळ. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत सुरक्षितता हा शब्द आपण फार वर्षे बंदुकीच्या संदर्भातच ऐकला. आता दिवस पालटत आहेत. १ जानेवारी २०२५ रोजी गर्देवाडा-वांगेतुरीच्या रानवाटेवर स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच एस.टी. धावली. तरी एक नियम मी आजही सोडलेला नाही. कोणाच्या घरी कोण आले, कोण कोठे गेले, असली वार्ता माझ्या वहीत लिहिली जात नाही. आपल्या भागात अशा एका वाक्याने माणसाचा जीव गेला आहे, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको.

अफवेचेही तसेच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. मोबाईलवर फिरणारे निरोप लोकांनी खरे मानले होते. त्या जमावाला कोणी एका बाईने जरी विचारले असते, 'कोणाचे मूल गेले, त्याचे नाव सांगा', तर कदाचित पाच संसार वाचले असते. म्हणून या भागातील प्रत्येक बातमीपुढे मी लिहिते : कोणी सांगितले, केव्हा सांगितले, स्वतः पाहिले काय?

याच भागात मोहफुलांच्या दिवसांत वाघाची सूचना येते. पुरते उजाडल्याशिवाय रानात जाऊ नये, एकटीने जाऊ नये. वाकून वेचणारी बाई वाघाला चार पायांच्या जनावरासारखी दिसते, म्हणून एकीने उभे राहून लक्ष ठेवावे. आणि याच भागात फोनवरचे भामटेही येतात. आपल्या आळीतील एका भगिनीला गणवेशातील माणसाने फोनच्या पडद्यावर 'तुम्हांला अटक केली आहे' म्हणून धमकावले. घरात एकटी, नवऱ्यामागे राहिलेली पुंजी बँकेत. परंतु फोनवरून अटक करणारा कायदाच नाही, हे तिने दोनच शनिवार आधी येथे ऐकले होते. तिने फोन बंद केला आणि १९३० या क्रमांकावर कळविले. वार्तेने काय येते, असे विचारणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की आलेले राहते, हेही थोडे नाही.

तिसरा भाग स्वाध्याय. आपल्या दोन्ही जिल्ह्यांना हा शब्द नवा नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने अभ्यासगटात बसून कायदे वाचले. १९२७ च्या वनकायद्याने बांबूला झाड ठरविले होते, तर २००६ च्या वनहक्क कायद्यात तो गौण वनउपज आहे. फरक एका शब्दाचा, पण रानातला बांबू कोणी विकावा हे त्या शब्दावर ठरणार होते. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर रानावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले.

स्वाध्यायाला पोथीच लागते असेही नाही. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे फार शिकलेले नव्हते. १९८३ साली धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षे पेरून पाहिल्या आणि त्यांतून एच.एम.टी. तांदूळ निघाला. २०१८ साली ते गेले, पण त्यांच्या पाहण्याचे फळ आपण रोज ताटात वाढून घेतो. असे पाहण्याची सवय लागावी म्हणून दर आठवड्याला एक प्रश्न वहीत लिहावयाचा आणि पुढील शनिवारी त्याचे उत्तर शोधून आणावयाचे, एवढाच आमचा अभ्यासक्रम आहे.

आता शिवणवर्गाविषयी. तो अवश्य व्हावा. माझी सूचना अशी, की मशीनचे काम आधी उरकावे आणि काजे-बटणे, हातशिलाई यांचे काम शेवटच्या पाऊण तासासाठी राखून ठेवावे. त्या वेळी हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. एकीने वाचावे, बाकीच्यांनी टाके घालीत ऐकावे. मात्र वाचणारी नेहमी मीच असू नये. वही एकीच्या हाती राहिली तर तिचे मत तीच बातमी होऊन बसते. दर महिन्याला पाळी बदलावी आणि ज्या भगिनींना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगावे, दुसरीने लिहून घ्यावे.

बैठकीत निर्णय काहीही होवो, वही मी आज मंडळाच्या कपाटात ठेवीत आहे. पुढच्या शनिवारचे पान कोरे आहे. ते कोणी भरावयाचे, हे तुम्ही ठरवावे.