ओढ्याची लाली

विद्यार्थी मित्रहो, कवितेचा अर्थ गाईडमध्ये शोधू नका. कुसुमाग्रजांची प्रतापराव गुजरांवरील कविता घ्या. नेसरीची लढाई २४ फेब्रुवारी १६७४ ची. सरसेनापती सहा साथीदारांसह पडले. शेवटी कवी दगड, ओढा, धूळ आणि वारा एवढेच दाखवितो. ओढ्याची लाली अद्याप गेलेली नाही, असे सांगतो. आपल्या ताम्हिणीचा ओढा पावसात गढूळ होतो नि उघडीप पडली की निवळतो, हे तुम्ही पाहताच. मग नेसरीचे पाणी इतक्या वर्षांत निवळले नसेल? लाली राहिली ती कुठे? पालकहो, गुणांचे राहू द्या, मुलांना एवढे विचारा. मात्र त्याआधी कविता मोठ्याने वाचून घ्या. घोड्यांची दौड प्रथम कानालाच कळते.