पुडा तोच, ग्रॅम कमी

दहा रुपयांचा फरसाणाचा पुडा हातात घेतला की चांगला फुगलेला दिसतो. किंमत वर्षानुवर्षं दहाच. पण वजन 50 ग्रॅमवरून 40 वर आलं, तर ग्रॅममागे 20 पैशांऐवजी 25 पैसे पडले. चक्क 25 टक्के भाववाढ, तीही गाजावाजा न करता! बारा रुपये म्हटलं असतं, तर गिऱ्हाइकाने पुडा परत ठेवला असता.

उतारा पाकिटावरच असतो. एमआरपीजवळ बारीक अक्षरांत दर ग्रॅमची किंमत छापणं आता सक्तीचं आहे. चष्मा लावून ती वाचावी.

मग पुडा उलटा करावा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. वेष्टनावर मूठभर बदाम, यादीत मात्र आधी मैदा, साखर, पामतेल. बदाम पार शेपटाला. साखरही वेषांतर करते: कुठे लिक्विड ग्लुकोज, कुठे इन्व्हर्ट सिरप. यादीतल्या पूरक द्रव्यांच्या आयएनएस आकड्यांना मात्र सरसकट घाबरू नये. 330 म्हणजे आपलं लिंबूसत्त्व. 621 म्हणजे चायनीजच्या गाडीवरची ती पांढरी पूड, मोनोसोडियम ग्लुटामेट.

आइस्क्रीमच्या शेजारी ‘फ्रोझन डेझर्ट’चा कप ठेवलेला असतो. दिसायला जुळा भाऊच, पण त्यात दुधाच्या स्निग्धांशाच्या जागी वनस्पती तेल असतं.